घेऊ का, विचारतेस म्हणून

पुष्पलता, डबा खाताना तू विचारलंस,
घेऊ का गं हाच, आठ हजारांत?
आणि तेवढ्यात भोंगा झाला.
तर आता सांगते, सावकाश,
त्याच्याच चालीनं.

बॅटरी चिवट आहे.
सोमवारी पहिल्या पाळीला भरून निघावं
तर मंगळवारी रात्री सातपूरच्या खोलीत
अजून अकरा टक्के शिल्लक.
आपल्यात कोण टिकतं एवढं, सांग,
दोन दिवस, एका जेवणावर?

पण बोट ओळखत नाही माझं.
कूलंटमध्ये भिजून भिजून रेघा गेल्यात.
रेशनच्या मशीनलाही
मी मीच आहे हे तीनदा सांगावं लागतं.
याचंही तेच, पुन्हा प्रयत्न करा.
ॲप्रनला बोट पुसते, पुन्हा प्रयत्न करते,
शेवटी चार आकडे टाकते.
तारीख आहे ती एक.
कसली, ते नाही सांगणार.

कॅमेरा दिवसा बरा.
गंगेवर दुपारी काढलेला फोटो बघ,
पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी
काठासकट मोजता येतील.
अंधार पडला की रातांधळा.
कोजागरीचा चंद्र काढला,
परातीत सांडलेलं पीठ आलं.
आणि तोंड गोरं करतो, न विचारता.
आईला फोटो पाठवला तर म्हणाली,
ही कोण उभी आहे तुझ्या जागी?
सगळी सेटिंगं धुंडाळली,
गोरेपणा शून्यावर आणला,
तरी थोडा उरतोच.
बनवणाऱ्यानं आपली पाळी सुटताना
गेटवर उभं राहून बघितलं नसणार.

दोन सिम, हे मात्र झकास.
एक इथलं. दुसऱ्याला आईचं गाव लागतं,
पेठच्या घाटापलीकडचं,
तेही ती टाकीच्या कट्ट्यावर चढली तर.
स्पीकर इतका दणदणीत
की तिचं हळू आवाजातलं गुपित
खालच्या मजल्यावरचे निकुंभकाका ऐकतात
आणि सकाळी जिन्यात विचारतात,
शेळी उठली का मग?

हँग होतो. हे लिहून ठेव.
परवा मंडईत कौतिकबाईकडे
पाव किलो गवार, मेथीची जुडी, चाळीस रुपये.
गोल फिरत राहिलं.
मागचा माणूस खोकला.
गोल फिरत राहिलं.
कौतिकबाई म्हणाली, जा बाई, उद्या दे.
टिंग झालं ते घरी,
मेथी निवडताना, आणि दोनदा झालं.
दुसऱ्या दिवशी गेले तर तिनं
चाळीस रुपये काढून ठेवलेले,
सुट्ट्या नाण्यांत, कढीपत्त्याखाली.
ओलीच होती नाणी.

जागा कमी. रोज सकाळी बजावतो,
जागा भरली आहे, काहीतरी काढा.
काढते मी. फुलांचे सुप्रभात काढले,
भाचीच्या बारशाचे हललेले फोटो काढले,
एक अकरा सेकंदांचा आवाज तेवढा नाही काढत.
माझ्या मशीनचा आहे तो.
कुरकुर सुरू झाली त्या रात्री
फोन स्पिंडलजवळ धरला होता.
खैरनार साहेबांना ऐकवला.
म्हणाले, स्वस्तातला फोन आहे तुझा,
त्याचाच आवाज असेल.
तिसऱ्या दिवशी बेअरिंग गेलं,
अख्खी लाइन बंद, सव्वाचार तास.
साहेब माझ्याकडे आले नाहीत,
मीही गेले नाही.
माइक चांगला आहे, एवढंच म्हणते.

अजून काय? टॉर्च प्रखर आहे.
गरम होतो, उन्हाळ्यात उशीखाली ठेवू नकोस.
निळा घेऊ नकोस, रंग उतरतो.
आणि काच आधी लावून घे,
एमजी रोडला, तौसीफकडे, माझं नाव सांग.
पैसे कमी करणार नाही तो,
पण बुडबुडा राहू देत नाही.